पैशाचा आंकडा आणि पैशाचें मोल

एखाद्या गृहस्थाच्या श्रीमंतीविषयीं बोलतांना ‘त्यांच्याजवळ इतके लाख आहेत’ असें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु लाख हा केवळ आंकडा होय. त्या आंकड्याच्या मोबदल्यांत किती धान्य, किती कापड, किती औषध मिळूं शकतें, हें सांगितल्यावांचून श्रीमंतीचें माप पुरें होत नाहीं. मोल मुळींच न वाढतां आंकडा फुगूं शकतो. तसेंच आंकडा तोच राहून मोल घटूं शकतें. पहिला प्रकार पुष्कळदां नव्या यंत्रविद्येच्या तेजीनें घडतो व दुसरा चलनाच्या अवमूल्यनानें. हे दोन्ही प्रकार केव्हांना केव्हां प्रत्येक घराच्या शिलकीस शिवतात. म्हणून विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं ते समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम तेजीचा विचार करूं. इंग्लंडांत १८३० सालीं लिव्हरपूल व मँचेस्टर या शहरांमध्यें आगगाडी सुरू झाली आणि भागीदारांस तिच्यापासून चांगला नफा होऊं लागला. तो पाहून १८४५ च्या सुमारास साऱ्या देशास जणूं आगगाडीचें वेड लागलें. १८४६ या एकाच वर्षीं पार्लमेंटानें रेल्वेसंबंधीं २६० हून अधिक कायदे संमत केले. शेअर घेतेवेळीं किंमतीचा साधारणतः दशांश भरला कीं काम भागे. उरलेली रक्कम कंपनी मागेल तेव्हां हप्त्यांनीं द्यावयाची असे. त्यामुळें शंभर पौंड जवळ असलेला मनुष्य हजार पौंडांच्या शेअरांचा धनी म्हणवूं लागला. भाव चढत होते तोंवर हें सर्व गोड वाटलें. पुढें रूळ टाकण्याचें काम सुरू होतांच कंपन्यांनीं हप्ते मागितले. ते भरण्यासाठीं लोक शेअर विकूं लागले. विकणारे फार व घेणारे थोडे झाले, आणि भाव कोसळले.

‘जेन एअर’ या कादंबरीची लेखिका शार्लट ब्राँटी ही यॉर्कशायरांतील एका धर्मोपदेशकाची कन्या. मावशीच्या पश्चात् मिळालेली लहानशी पुंजी तिनें व तिच्या बहिणींनीं यॉर्क अँड नॉर्थ मिडलंड रेल्वेंत घातली होती. त्या रेल्वेचा मूळ ५० पौंडांचा शेअर एके काळीं १२० पौंडांपर्यंत चढला आणि १८४९ सालीं २० वर येऊन ठेपला. शार्लट निराधार झाली नाहीं याचें कारण इतकेंच, कीं तोंवर तिच्या लेखणीस मोल आलें होतें. ज्यांस असें कांहीं साधन नव्हतें, अशा किती कुटुंबांची आयुष्याची शिल्लक गेली असेल याची कल्पनाच करावी.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. शेअर पडले, पण रूळ नाहींसे झाले नाहींत. १८५० सालीं ब्रिटनमध्यें सुमारें ६,००० मैल रेल्वे चालू होती, आणि तिचा लाभ सर्व राष्ट्रास मिळाला. शोध खरा असतो. त्यासाठीं दिलेली किंमत मात्र खरी असेलच असें नाहीं.

दीडशें वर्षांनीं हाच खेळ अमेरिकेंत पुन्हां झाला. या वेळीं आगगाडीच्या जागीं इंटरनेट होतें. जेथें नव्या यंत्रविद्येच्या कंपन्यांचे शेअर मुख्यतः विकले जातात, त्या नॅसडॅक बाजाराचा निर्देशांक १० मार्च २००० रोजीं ५,०४८ होता. ऑक्टोबर २००२ मध्यें तो १,११४ वर उतरला. पूर्वीची पातळी गांठावयास २०१५ साल उजाडावें लागलें. ॲमेझॉन ही कंपनी पुढें जगांतील अतिशय मोठ्या कंपन्यांत गणली गेली. परंतु तिचाहि शेअर १९९९ मध्यें शंभर डॉलरांच्या वर होता आणि २००१ मध्यें सहा डॉलरांच्या आंत आला. स्वतःच्या शिलकीचे शेअर घेणारा थांबूं शकला. कर्जाऊ पैशानें घेणाऱ्यास सावकार थांबूं देत नाहीं.

तेजी व मंदी डोळ्यांस दिसते, तिचा गवगवा होतो. चलनाचें मोल घटतें तें मात्र असें, कीं पेटीला कुलूप असून आंतील धन उणें व्हावें. सरकारनें आपल्या नाण्याचा परदेशी नाण्याशीं असलेला ठरीव भाव हुकुमानें उतरविला, म्हणजे त्यास अवमूल्यन म्हणतात. आपल्या देशांत ६ जून १९६६ रोजीं असें अवमूल्यन झालें. तोंवर एका डॉलरास ४ रुपये ७६ पैसे पडत. त्या दिवसापासून ७ रुपये ५० पैसे पडूं लागले. समजा, अमेरिकेंत शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याची फी १,००० डॉलर होती. फी तीच, पण ती भरावयास पूर्वी ४,७६० रुपये लागत, आतां ७,५०० लागूं लागले. उलट कोणी परदेशांतून घरीं १०० डॉलर पाठविले, तर घरच्यांच्या हातीं ४७६ ऐवजीं ७५० रुपये येऊं लागले. एकाच हुकुमानें एका घरीं चिंता व दुसऱ्या घरीं आनंद! जुलै १९९१ मध्यें सरकारनें पुन्हां दोन टप्प्यांनीं रुपयाचा भाव उतरविला. १९९३ पासून हा भाव मुख्यतः बाजारांत ठरतो, म्हणून आतां घट झाली तरी तिला हुकुमाची वाट पाहावी लागत नाहीं.

बाहेरचें मोल घटलें कीं परदेशांतून येणारें तेल, यंत्रें व सोनें महाग होतें, आणि ती महागाई हळूहळू इतर वस्तूंस लागते. सोन्याचा भाव रुपयांत चढला म्हणून सोनें वाढलें असें नव्हे. पुष्कळदां रुपया लहान झालेला असतो. याची परमावधि जर्मनींत झाली. १९१४ सालीं एका डॉलरास ४.२ मार्क पडत. महायुद्धाचा व त्यानंतरचा खर्च सरकारनें नोटा छापून भागविला, आणि नोव्हेंबर १९२३ मध्यें एका डॉलरास ४ लाख २० हजार कोटी मार्क झाले! ज्यांनीं आयुष्यभर काटकसर करून बँकेंत ठेव ठेविली किंवा सरकारी रोखे घेतले, त्यांचा आंकडा पै न् पै शाबूत राहिला. पण त्यांत पावाचा तुकडाहि येईना. ऋणकोचें कर्ज मात्र कागदाच्या कपट्यानें फिटलें.

यावरून नियम असा निघतो: ज्यास ठराविक आंकडा मिळावयाचा आहे, तो ठेवीदार, पेन्शनर किंवा पगारदार, चलनाच्या घसरणींत नागवतो, ज्याच्याजवळ जमीन, घर किंवा उपयुक्त माल आहे, तो पुष्कळ अंशीं तरतो. तेजींत याच्या उलट दिसतें: भावावर भरंवसा ठेवणारा पडतो व रोख शिल्लक राखणारा तरतो. म्हणून सुज्ञ पालक सर्व पुंजी एकाच पेटींत ठेवीत नाहीं; कांहीं ठेवींत, कांहीं वास्तूंत व कांहीं चांगल्या उद्योगांत विभागून ठेवितो, आणि कर्ज काढून तेजीच्या मागें धांवत नाहीं.

डोंगरावरील प्रवचनांत संपत्तीचे कसर, जंग व चोर असे शत्रु सांगितले आहेत. त्यांच्या जोडीस भावाचा फुगवटा व चलनाची घट हे दोन आपल्या युगानें ठळकपणें दाखविले. विद्यार्थ्यांनो, या पांचांपैकीं एकाचाहि हात ज्यास सहसा पोहोंचत नाहीं, असें धन तुम्ही आज वर्गांत बसून मिळवीत आहां. शार्लट ब्राँटीचे शेअर पडले, पण तिची विद्या पडली नाहीं, हें विसरूं नका.