वेगवान गाड्यांचे ब्रेक : पॅड आणि डिस्क निवडताना

मोटार दुरुस्ती आणि सुट्या भागांच्या व्यापारात आपले अनेक बांधव पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले आहेत. आता त्यांच्या गॅरेजमध्ये जादा ताकदीच्या, स्पोर्ट्स प्रकारच्या गाड्याही येऊ लागल्या आहेत. "उस्ताद, ब्रेक अपग्रेड करून द्या," अशी मालकांची मागणी असते. माल महाग असतो व नफाही बरा सुटतो. परंतु ब्रेक म्हणजे सीट कव्हर नव्हे. येथे चुकीचा माल बसला तर किंमत गिऱ्हाइकाच्या जिवाने मोजावी लागते. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर माहिती आम्ही येथे देत आहोत.

ब्रेकचे खरे काम

धावत्या गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करणे आणि ती उष्णता हवेत सोडणे, हे ब्रेकचे काम होय. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. १५०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवली तर सुमारे ५ लाख ८० हजार ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये येते. त्यातील ७० टक्के भार पुढच्या चाकांवर पडतो असे धरू. पुढच्या दोन डिस्क मिळून १६ किलोच्या असतील, तर एका थांब्यात त्या साधारण ५५ अंशांनी तापतात. तीच गाडी १६० च्या वेगावरून थांबवली तर तापमान सुमारे १४० अंशांनी वाढते. थंड व्हायला वेळ न देता असे चार-पाच थांबे घेतले की डिस्क पाचशे अंशांच्या पुढे जाते.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पेडल जोरात दाबल्यावर एबीएस सुरू होत असेल, तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे. तेथे मर्यादा टायरच्या पकडीची असते. अशा गाडीला महाग पॅड बसवून पहिला थांबा कमी अंतरात होत नाही. चांगल्या पॅडचा व डिस्कचा फायदा पाचव्या, दहाव्या थांब्याला दिसतो. "लवकर थांबायचे आहे" असे गिऱ्हाईक म्हणाले तर आधी त्याचे टायर पाहावेत.

आधी दोष ओळखावा

घाट उतरताना ब्रेक कमी पडतात, अशी तक्रार आली तर पेडल कसे लागते ते विचारावे. पेडल कडक राहते पण गाडी थांबत नाही, असे असेल तर पॅड तापून त्याची पकड गेलेली असते. पेडल मऊ होऊन खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असण्याचा संभव अधिक. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. आपल्या दमट किनारपट्टीवर तर दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे हाच पहिला आणि सर्वांत स्वस्त अपग्रेड आहे.

पॅड कोणते?

साधे ऑरगॅनिक पॅड शांत असतात, डिस्क कमी घासतात, पण जास्त उष्णता सोसत नाहीत. सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता सोसतात. आवाज व काळी भुकटी मात्र जास्त. सिरॅमिक पॅड स्वच्छ व शांत असून रोजच्या वापराला चांगले. रेसचे पॅड गरम झाल्यावरच नीट धरतात. चेन्नई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर ते उपयोगी पडतील. पण सकाळी थंड गाडी काढून पहिल्याच सिग्नलला ते दगा देऊ शकतात. रस्त्यावरच्या गाडीला ते बसवू नयेत, गिऱ्हाइकाने आग्रह धरला तरीही.

अनेक पॅडच्या कडेला दोन रोमन अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर सामान्य तापमानातील पकड दाखवते, दुसरे गरम झाल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पॅड किती टिकेल हे या अक्षरांवरून कळत नाही. युरोपच्या आर-९० नियमाचा शिक्का असेल तर त्या पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असल्याची चाचणी झालेली असते.

डिस्क कोणती?

भोके पाडलेली डिस्क दिसायला देखणी असते. पण फार तापली की भोकांच्या कडांना तडे जाऊ लागतात. खाचा असलेली डिस्क पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवते, मात्र पॅड लवकर झिजवते. बहुतेक मालकांना चांगल्या ओतीव लोखंडाची, आतून हवा खेळणारी साधी डिस्कच पुरते. मोठी डिस्क व कॅलिपर बसवायचे तर रिममध्ये जागा हवी. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोलही बिघडता कामा नये. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. तेव्हा आरटीओ व विमा कंपनीकडे आधी चौकशी करावी.

बसवताना

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून पुन्हा वापरू नये. हबवरचा गंज साफ करून डायल गेजने डिस्कची थरथर तपासावी. नवे पॅड मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा बेताने ब्रेक लावून बसवून घ्यावेत. नंतर गाडी न थांबता चालवून ब्रेक थंड होऊ द्यावेत. गरम ब्रेक दाबून उभे राहिल्यास पॅडचा थर डिस्कला एकाच जागी चिकटतो. "डिस्क वाकली" या तक्रारीचे मूळ पुष्कळदा तेथेच असते.

कारागिरांनी स्वतःचीही काळजी घ्यावी. ब्रेकवर कॉम्प्रेसरची हवा मारू नये. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसाचा कर्करोग करते. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसावे.

बाजारात नामांकित कंपन्यांच्या डब्यांत नकली पॅडही मिळतात. तापल्यावर अशा पॅडचे मटेरियल पत्र्यापासून सुटू शकते. म्हणून माल अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावरच घ्यावा आणि तेच बिल गिऱ्हाइकालाही द्यावे. गाडी कशी व कोठे चालते हे आधी विचारून, गरज नसेल तेथे "आपल्याला याची गरज नाही" असे स्पष्ट सांगणाऱ्या कारागिराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि चार जणांना घेऊन येते.