क्लेमची केस (९) : टक्क्यावरचा वकील

आज अपंगत्वाच्या दाखल्यावर लिहायचं कबूल केलं होतं. ते राहतंय. कराडहून एका ताईंचं पत्र आलंय, आणि ते खिशात ठेवून दाखल्याकडे वळणं मला काही जमेना.

त्यांच्या धाकट्या भावाला उसाच्या ट्रॅक्टरनं उडवलं. भाऊ चौतीस वर्षांचा, सेंट्रिंगच्या कामावर जाणारा. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड पडलाय. तिसऱ्या दिवशी वॉर्डात एक गृहस्थ हजर. ‘वकीलसाहेबांनी पाठवलंय. एक रुपया द्यायचा नाही. मिळतील त्यातले पंचवीस टक्के साहेबांचे.’ वकीलपत्रावर सही झाली, सोबत दोन कोऱ्या चेकवरही झाली. ताई विचारतात, वकील केला ते बरोबरच ना? की आपलं आपल्याला लढता आलं असतं?

हे गृहस्थ मला ओळखीचे आहेत. हेच असं नाही, पण यांची सगळी बिरादरी. विमा कंपनीच्या क्लेम खात्यात सत्तावीस वर्षं काढली. जखमीची चौकशी करायला सिव्हिलच्या हाडांच्या वॉर्डात जावं, तर ते आमच्याआधी पोहोचलेले. काखेत प्लॅस्टिकची फाइल आणि शर्टाच्या खिशात शाईचं पॅड. उजवा हात प्लॅस्टरमध्ये असला तर डाव्याचा अंगठा घ्यायला. पहिला प्रश्न ठरलेला : ‘गाडीचा इन्शुरन्स चालू आहे ना?’ विमा नसलेल्या गाडीनं उडवलेल्या माणसाच्या खाटेशी त्यांना मी कधी थांबलेलं पाहिलं नाही.

आधी ताईंचा दुसरा प्रश्न. मोटार वाहन कायद्याच्या १६६ कलमाप्रमाणे जखमी माणूस स्वतः अर्ज करू शकतो. वकील केलाच पाहिजे अशी सक्ती नाही. माझ्या आठवणीत एक पोस्टमन आहेत. सायकलला जीपचा धक्का, मनगट मोडलं, दोन महिने रजा. त्यांनी बिलं तारखेवार लावून दोऱ्यात ओवली होती. वर एका कागदावर बेरीज, खाली पोस्टाचा रजेचा दाखला. लोकअदालतीत आमच्या साहेबांनी तो गठ्ठा चाळला आणि दहा मिनिटांत तडजोड पुरसिसवर सह्या झाल्या. त्यात वकिलानं काय वाढवलं असतं, मला सांगता येणार नाही. हाड जुळलंय, चूक कुणाची याबद्दल वाद नाही, नुकसान बिलांत मोजता येतं, अशा ठिकाणी एकट्यानं जायला हरकत नाही. मात्र लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. पुढे रॉड काढायचं ऑपरेशन बाकी असेल, तर त्याचा खर्च धरल्याशिवाय सही करू नये.

ताईंच्या भावाचं तसं नाही. आकडेच मांडतो. महिन्याची कमाई १५,००० धरू. वय चौतीस, म्हणजे २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे गुणक १६. वर्षाचे १,८०,००० गुणिले १६, झाले २८,८०,०००. (पुढच्या काळात कमाई वाढते, त्याची भर वेगळी. ती इथे सोडून देऊ.) आता दाखल्यावर समजा ‘पायाचं अपंगत्व ४० टक्के’ असं आलं. कंपनीचा वकील उठून म्हणणार, हे पायाचं झालं, सबंध शरीराचं पंधराच धरा. म्हणजे ४,३२,०००. तुमच्या बाजूनं म्हणायचं, हा माणूस परांचीवर चढून पोट भरतो, चढणं जितकं गेलं तितकी कमाई गेली, तेव्हा चाळीसच धरा. म्हणजे ११,५२,०००. मधे सात लाख वीस हजारांचं अंतर, आणि पाय एकच.

हे म्हणणं हवेतलं नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टानं डाव्या हाताचं उदाहरण दिलंय. तोच हात ड्रायव्हरचा किंवा सुताराचा गेला तर कमाई जवळपास शंभर टक्के बुडते, सरकारी कारकुनाचा गेला तर नोकरी टिकूही शकते. पण हे शाबीत करायला डॉक्टरला साक्षीला आणावं लागतं, त्याच्याकडून नेमकं वदवून घ्यावं लागतं आणि उलटतपासात ते सांभाळावं लागतं. वकील नसलेला अर्जदार दाखल्याची झेरॉक्स जोडून मोकळा व्हायचा, आणि खरं सांगायचं तर आम्ही त्याचीच वाट बघत असायचो. त्यात इथे ट्रॅक्टर आहे. पुष्कळदा ट्रॅक्टरला विमा असतो, ट्रॉलीला नसतो, आणि कंपनी नेमकी तिथे अडून बसते. तेव्हा वकील हवाच.

राहिले टक्के. अमेरिकेत जखमेच्या दाव्यात वकिलानं मिळकतीचा साधारण तिसरा हिस्सा घेणं हा उघड शिरस्ता आहे. आपल्याकडे मनाई आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत विसावा नियम आहे : निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. त्याच्याही आधीचा १९५४ चा एक निकाल माझा लाडका आहे. एका सीनिअर वकिलानं वसुलीचा निम्मा हिस्सा फी म्हणून ठरवला. मुंबई हायकोर्टानं त्यांना सहा महिने वकिलीतून दूर ठेवलं, आणि सुप्रीम कोर्टानंही ते गैरवर्तनच ठरवलं. निकालपत्रात त्यांचं नाव नाही, नुसतं ‘जी’ हे अक्षर आहे. गंमत अशी, की असाच करार वकील नसलेल्या दोघांत झाला असता तर तो चाललाच नसता असं कोर्ट म्हणत नाही. वकिलाला मात्र तो करता येत नाही.

आणि ताईंनी २०१७ चा निकाल तर जरूर लक्षात ठेवावा, कारण तो क्लेमच्या केसमधूनच निघालाय. तेलंगणातल्या एका बाईंचा नवरा अपघातात गेला. भरपाई मिळाली. वकिलाला दहा लाख देऊन झाले, तरी वर तीन लाखांचा चेक लिहून घेतला. तो वटला नाही म्हणून वकिलानं बाईंवरच फौजदारी केली. सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली आणि भरपाईच्या टक्क्यांवर फी मागणं बेकायदा असल्याचं स्वच्छ सांगितलं.

असं असलं तरी टक्केवाल्यांना मी सरसकट शिव्या घालणार नाही. रोजंदारीवरचा माणूस तीन महिने खाटेवर पडल्यावर फी कुठून आणणार? त्यांच्यातले काही वकील पदरचे पैसे घालून वर्षानुवर्षं तारखा करतात, हे मी पाहिलंय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रिया, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमातींतले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. पण खाटेशी येऊन हे सांगतो कोण? फाइलवाला मात्र तिसऱ्या दिवशी येतो.

तर ताई, मधल्या माणसाला बाजूला ठेवून वकिलांना स्वतः भेटा. फी एकरकमी ठरवा, टप्प्याटप्प्यानं देऊ म्हणा, आणि कागदावर घ्या. कोरे चेक परत मागा. नाही म्हणाले, तर वकील बदलता येतो. फी बाकी आहे म्हणून जुन्या वकिलाला तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं २००० सालीच सांगितलंय. अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. तिच्यावरचा वाद सुप्रीम कोर्टात गेलाय, पण त्या भरवशावर बसू नका. अर्ज खरंच दाखल झालाय का, ते न्यायाधिकरणात जाऊन दावा क्रमांक घेऊन खात्री करा.

दाखला पुढच्या आठवड्यात. ज्यांच्या घरात असा दाखला असेल, त्यांनी तो काढून ठेवा आणि टक्क्यांच्या आकड्यापुढे ‘पायाचं’ लिहिलंय की ‘सबंध शरीराचं’, एवढं बघून ठेवा.