नऊ वर्षांनी येणारी सुगी

पोर्तुगालच्या दक्षिणेकडील आलेंतेजो प्रांतात कॉर्क ओकची साल मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत काढली जाते. बाटलीचे बूच याच सालीचे. हंगाम झाडच ठरवते. याच महिन्यांत सालीखालचा बूच तयार करणारा थर जोमाने वाढत असतो; त्याच्या नव्या पेशी ओल्या आणि नाजूक असल्यामुळे बाहेरची जाड साल आतल्या सालीपासून सुटून येते. इतर वेळी ती खोडाला घट्ट चिकटलेली असते आणि ओढली तर आतली सालही फाटते.

महाराष्ट्रात लांब नळीच्या पांढऱ्या, सुवासिक फुलांचा सडा टाकणारे बुचाचे झाड ते हे नव्हे. त्याचे कूळच वेगळे. कॉर्क ओक भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातले सदाहरित झाड आहे. जगातले निम्म्याच्या आसपास बूच एकट्या पोर्तुगालमधून येते. विरळ झाडी आणि खाली गवत अशा तिथल्या रानाला मोंतादो म्हणतात. शरद ऋतूत झाडाखाली पडणाऱ्या फळांवर काळी डुकरे पोसली जातात आणि उन्हाळ्यात त्याच झाडांवर कुऱ्हाड चालते, तीही झाड तोडण्यासाठी नव्हे. परवानगीशिवाय कॉर्क ओक तोडायला तिथे कायद्याने बंदी आहे.

साल काढणाऱ्यांना तिरादोर म्हणतात. मोठ्या झाडावर ते जोडीने काम करतात: एक खाली, दुसरा शिडीवरून फांद्यांच्या बेचक्यात. खडबडीत सालीतली सर्वांत खोल उभी भेग हेरून तिच्यावर कुऱ्हाडीचा घाव घालायचा आणि पाते सालीत असतानाच थोडे पिळायचे. या पिळण्यातच सगळी पारख आहे. पोकळ, फाटल्यासारखा आवाज आला तर साल सुटायला तयार आहे. आवाज आखूड आणि कोरडा आला तर झाड अजून साल सोडत नाही, असे समजायचे. मग वरच्या बाजूला खोडाभोवती आडवा छेद जातो. कुऱ्हाडीच्या दांड्याचे टोक पाचरीसारखे तासलेले असते; ते भेगेत सरकवून हळूहळू उचकटले की साल पन्हळीच्या आकारात अखंड सुटते. फळी जितकी मोठी आणि अखंड, तितका तिला भाव जास्त. शेवटी बुंध्याशी चिकटलेले तुकडे काढून टाकतात.

घाव किती खोल जावा हे कळणे हीच तिरादोरची विद्या. साल निघताना तिच्याखालचा बूच तयार करणारा थर नष्टच होतो. पण आतली जिवंत साल शाबूत राहिली तर तिच्यात नवा थर तयार होतो आणि बूच पुन्हा धरू लागते. कुऱ्हाड त्याहून आत, लाकडापर्यंत गेली तर त्या जागी पुन्हा साल येत नाही, व्रण मात्र जन्मभर राहतो. खोली मोजून कापणाऱ्या विजेच्या करवती आता निघाल्या आहेत, तरी बहुतेक काम आजही कुऱ्हाडीनेच होते. शेतमजुरीच्या कामांत या कामाचा मोबदला वरच्या श्रेणीतला, आणि तो रास्तच आहे: हाताची एक चूक झाड पुढची शंभर वर्षे वागवते.

नुकतेच सोललेले खोड फिकट पिवळसर गुलाबी आणि ओलसर दिसते. हवा लागताच ते गडद होत जाते; काही दिवसांत गेरूसारखे लाल, पुढे तपकिरी, आणि नवी साल जाड होईल तसे करडे. सोललेल्या खोडावर पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहितात. तो वर्षातला शेवटचा अंक असतो; 2024 साली सोललेल्या झाडावर 4. पुढची सोलणी किमान नऊ वर्षांनीच करता येते आणि त्याचा हिशेब असा झाडावरच ठेवलेला असतो. पहिल्या सोलणीसाठी छातीच्या उंचीवर खोडाचा घेर 70 सेंटिमीटर भरावा लागतो, त्याला साधारण 25 वर्षे लागतात. ती पहिली साल वेडीवाकडी आणि भेगाळ निघते, दुसरीही पुरती एकसारखी नसते. बाटलीच्या बुचाजोगी साल मिळते ती तिसऱ्या सोलणीला, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर. झाड लावणाऱ्याच्या पदरात त्या झाडाचे चांगले बूच क्वचितच पडते.

काढलेल्या फळ्या काही महिने उघड्यावर रचून ठेवतात. नंतर त्या सुमारे तासभर पाण्यात उकळतात. त्याने साल स्वच्छ होते, फुगते, मऊ पडते आणि तिची पन्हळ सपाट करता येते. मग जाडी आणि पोत पाहून प्रतवारी होते. फळीच्या पट्ट्या कापून त्यांतून पोकळ नळीच्या पात्याने बुचे काढतात, ती झाडाच्या उभ्या दिशेने. सालीत हवा खेळवणारी बारीक छिद्रे आतून बाहेर अशी आडवी जातात. बूच उभे कापले की ती बुचालाही आडवीच राहतात आणि मद्याला त्यांतून बाहेर वाट मिळत नाही. बुचाचा व्यास सालीच्या जाडीतच बसवावा लागतो; नऊ वर्षांचा नियम पाळण्यामागे हेही कारण आहे.

बूच दाबले जाते आणि पुन्हा फुगते ते त्याच्या पेशींमुळे. त्या मृत, हवेने भरलेल्या आणि पाणी न शिरणाऱ्या सुबेरिन या द्रव्याने मढवलेल्या असतात. रॉबर्ट हूकने 1665 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली याच पेशींच्या कोठड्या पाहिल्या आणि पेशीचे इंग्रजी नाव तिथून रूढ झाले.

बुचे कापून उरलेला माल आणि पहिल्या सोलणीची साल दळून तिचे दाणे करतात. ते चिकटवून जमिनीच्या फरशा, भिंतींची आवरणे आणि स्वस्त बुचे तयार होतात. क्रिकेटच्या चेंडूचा गाभाही बुचाचाच असतो. दळताना उडणारी भुकटी कारखान्याच्या बॉयलरमध्ये इंधन म्हणून जाते.