शक्तीपेक्षा युक्ती : मोटारसायकलचा अडून बसलेला ऑइल फिल्टर



कास्काव्हेल असो, व्हाक्वा असो की ब्लॅक रिव्हरचा किनारा असो, आपल्या मराठी घरांच्या अंगणात आज एखादी तरी मोटारसायकल उभी दिसते. घरातल्या तरुणाला वेगाची आवड असली तर ती शर्यतीच्या घाटाची, पुढून-बाजूंनी फेअरिंग चढवलेली असते. आई तिला दुरूनच हात जोडते, वडील पेट्रोलचा हिशेब विचारतात, आणि मुलगा रविवारी सकाळी फडके घेऊन तिच्याजवळ बसतो. टाकी पुसायला, साखळीला तेल द्यायला कुणाला शिकवावे लागत नाही. पण इंजिनाचे तेल बदलायची वेळ आली, की एका छोट्याशा डब्यापाशी भल्याभल्यांचे हात थांबतात. तो डबा म्हणजे ऑइल फिल्टर. आजचा लेख त्याच्याविषयी आहे.

काम तसे मोठे नाही. जुना डबा फिरवून काढायचा आणि नवा फिरवून बसवायचा. पण शर्यतीच्या घाटाच्या अनेक गाड्यांत तो अशा जागी असतो की हात पोचत नाही. पोचला तर मूठ वळत नाही. आणि मूठ वळली तर तेलकट पत्र्यावरून बोटे घसरतात. मग राग येतो, हातोडी येते, आणि दहा मिनिटांचे काम महिन्याभराचे दुखणे होऊन बसते.

डबा तिथे का बसवतात?

चार सिलिंडरचे इंजिन गाडीत आडवे बसवले की मागची जागा गिअरबॉक्स घेतो. एका बाजूला क्लच, दुसऱ्या बाजूला वीज निर्माण करणारा भाग येतो. उरते ती पुढची बाजू. तिथे वाराही लागतो, म्हणून फिल्टर तिथे बसतो. परंतु सिलिंडरमधून निघणारे एग्झॉस्टचे चार पाइपही पुढूनच खाली उतरतात आणि वर रेडिएटर असतो. खिडकीच्या गजांमागे ठेवलेल्या डब्यासारखी फिल्टरची अवस्था होते.

ही अडचण आजची नव्हे. होंडाची प्रसिद्ध सीबी ७५० ही गाडी १९६९ साली बाजारात आली, तेव्हाही तिचा फिल्टर इंजिनाच्या पुढे, पाइपांच्या मागेच होता. त्याचे झाकण एका लांब बोल्टने धरलेले असे. त्या बोल्टचे डोके लहान, १२ मिलिमीटरचे. जोर लावला की त्याचे कोपरे झिजून ते गोल होई आणि पाना फिरतच राही. पुढे झाकण आणि बोल्ट जाऊन सबंध डबाच फिरवून बसवण्याची पद्धत आली. सुझुकीची जीएसएक्स-आर, होंडाची सीबीआर अशा गाड्यांत आपल्याला तोच डबा दिसतो.

न बदलून चालणार नाही का?

जागा अवघड म्हणून कित्येक जण नुसते तेल बदलतात आणि फिल्टर तसाच ठेवतात. गाडी चालते, म्हणून सारे ठीक आहे असे वाटते. खरी फसगत इथेच आहे. फिल्टरच्या आत घडी घातलेला कागद असतो. तेलातली काजळी आणि धातूचा बारीक चुरा तो अडवतो. हा कागद गच्च भरला तर तेल अडून इंजिन कोरडे पडू नये, म्हणून एका छोट्या झडपेची सोय केलेली असते. दाब वाढला की ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाऊ देते. म्हणजे गाडी बंद पडत नाही, आवाज करत नाही, तक्रारही करत नाही. आतल्या आत मात्र झिजत राहते. तेव्हा किती किलोमीटरने फिल्टर बदलायचा हे गाडीच्या पुस्तकात पाहावे आणि ते पाळावे.

आधी तयारी

गाडी सपाट जागेवर मागच्या स्टँडवर सरळ उभी करावी. इंजिन काही मिनिटे चालवून तेल कोमट करावे, म्हणजे ते चांगले निथळते. मग थांबावे. पाइप फार लवकर तापतात आणि सावकाश निवतात. त्यांना हात लावता येईल इतके ते निवेपर्यंत फिल्टरकडे जाऊच नये. या कामात मनगटाला बसणारे चटके घाईचेच असतात.

नंतर खालचे फेअरिंग काढावे. त्याचे स्क्रू आणि प्लास्टिकच्या खुंट्या काढलेल्या क्रमाने एका ताटलीत मांडाव्यात. तळाचा बोल्ट सोडून तेल परातीत काढावे. काही गाड्यांत रेडिएटरचा खालचा बोल्ट सोडला की तो थोडा पुढे झुलतो आणि हाताला दोन-तीन बोटे जागा मिळते. नळ्या न ताणता तो जेवढा येईल तेवढाच आणावा.

फिल्टर सैल होताच त्यातले उरलेले तेल पाइपांवर सांडते. म्हणून स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या कागदाची पन्हळ करून ती फिल्टरखाली, पाइपांवरून परातीपर्यंत लावावी. दोन मिनिटांच्या या सोयीने पुढची तासाभराची पुसापुशी वाचते.

बरणीचे झाकण आणि आजीची युक्ती

लोणच्याच्या बरणीचे झाकण घट्ट बसले की आजी काय करते? झाकणावरचे तेल पुसते, कोरडे फडके गुंडाळते आणि मग फिरवते. जोर तोच असतो, पकड बदलते. फिल्टरचेही तेच आहे. प्रथम डबा पुसून अगदी कोरडा करावा.

मग दिशा नक्की करावी. खाली आडवे पडून, मान वाकडी करून पाहताना सोडण्याची बाजू कोणती हे भल्याभल्यांना कळेनासे होते, आणि सोडण्याऐवजी ते आणखी आवळून ठेवतात. यावर सोपा उपाय आहे. उजव्या हाताचा अंगठा फिल्टर ज्या दिशेने बाहेर यायला हवा त्या दिशेला रोखा. मिटलेली चार बोटे ज्या बाजूला वळतात, त्याच बाजूला फिल्टर फिरवायचा. मग तुम्ही वरून पाहा की खालून, चूक होत नाही.

हाताने हलला नाही तर पाना घ्यावा, आणि तो टोपीसारखा घ्यावा. फिल्टरच्या बंद तोंडाला पैलू पाडलेले असतात. बहुतेक जपानी गाड्यांच्या डब्याला असे १४ पैलू असून माप ६५ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमक्या मापाची टोपी त्यावर बसते आणि तिच्या मागे रॅचेट व लांब दांडी जोडता येते. बाजूला हात फिरवायला जागा नसली तरी पाइपांच्या मधून सरळ दांडी आत जाऊ शकते, हा टोपीचा मोठा फायदा. टोपी घसरत असेल तर आत सँडपेपरची पट्टी, खरखरीत बाजू डब्याकडे करून घालावी. पट्ट्याचा पाना चांगला खरा, पण त्याला डब्याभोवती जागा लागते. साखळीचा पाना पत्रा चेपतो, तो शेवटी.

पाना बसला की झटके देऊ नयेत. एकसारखा, वाढता जोर लावून धरून ठेवावा. चिकटलेली रबरी कडी हळूच सुटते आणि मग उरलेले काम बोटांनी होते.

स्क्रूड्रायव्हर ठोकण्यापूर्वी

डब्यातून आरपार स्क्रूड्रायव्हर ठोकून तो दांड्यासारखा फिरवायचा, असा एक जुना सल्ला सर्वत्र ऐकू येतो. पाइपांच्या मागे बसलेल्या फिल्टरला तो बहुधा घातक ठरतो. एक तर दांडा फिरायला जागाच नसते. दुसरे म्हणजे डब्याचा पत्रा पातळ असतो. तो कागदासारखा फाटतो आणि मग धरायला काहीच उरत नाही. तिसरे म्हणजे मध्यभागी इंजिनातून आलेली आटे पाडलेली नळी असते. तिच्या आट्यांना घाव बसला तर नवा फिल्टर सरळ बसणार नाही.

सगळा एग्झॉस्ट काढून जागा करावी असेही कुणी सांगेल. आपल्या बेटावर खारे वारे आहेत, आणि क्यूरपीपच्या बाजूला पाऊस हटता हटत नाही. पाइप धरणारे बोल्ट वर्षानुवर्षांच्या गंजाने जाम झालेले असतात. त्यांतला एक जरी सिलिंडरच्या डोक्यात तुटला, तरी काम घरच्या हातांतून कारखान्यात जाते. म्हणून टोपी, सँडपेपर आणि धीर एवढ्याने डबा हलला नाही तर थांबावे आणि जाणत्या मेकॅनिककडे जावे. तिथे थांबण्यात कमीपणा नाही.

जुनी कडी कुठे आहे?

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फिल्टर निघाला की आनंदाने तो बाजूला फेकू नका. उलटा करून त्याच्या तोंडावरची रबरी कडी आहे का ते पाहा. कधी कधी डबा निघतो, पण कडी इंजिनालाच चिकटून राहते. जागा अंधारी, कडी काळी, इंजिनही तेलाने काळे. ती नजरेला दिसत नाही. नवा फिल्टर तसाच बसवला तर दोन कड्या एकावर एक येतात. अंगणात इंजिन सुरू केले तर कदाचित थेंबही गळणार नाही. पण रस्त्यावर वेग घेतल्यावर तेलाचा दाब वाढतो, वरची कडी सरकते आणि तेल धारेने बाहेर पडते. पुढे तापलेले पाइप, मागे मागचे चाक. वळणावर गाडी कलती असताना त्या चाकाखाली तेल आले तर सांभाळायला क्षणही मिळत नाही.

शर्यतीचे लोक हा धोका ओळखून असतात. जागतिक शर्यतींच्या नियमांत तेलाचे बोल्ट व फिल्टर तारेने बांधून ठेवावे लागतात. इंजिन फुटले तर त्यातले निदान निम्मे तेल व पाणी मावेल, असे खालचे फेअरिंग असावे लागते. आपल्या रस्त्यावरच्या गाडीला तशी तार नसते. तिची तार म्हणजे आपली नजर. म्हणून बॅटरी लावून पाहा, बोट फिरवून पाहा, आणि जुनी कडी हातात आल्याशिवाय नवा डबा उचलू नका.

नवा बसवताना

बसण्याची जागा स्वच्छ पुसावी. नव्या कडीला नवे तेल बोटाने लावावे. पुढच्या वेळी फिल्टर सहज निघणार की अडून बसणार, हे बरेचसे या एका बोटभर तेलावर ठरते. कोरडी कडी फिरवताना मुरडते आणि उष्णतेने धातूला चिकटून बसते.

आटे सरळ लागले याची खात्री करून डबा हाताने फिरवावा. कडी टेकल्यावर पुढे किती आवळायचे हे प्रत्येक कंपनीचे वेगळे आहे. सुझुकी जीएसएक्स-आरसाठी टेकल्यापासून दोन फेरे सांगते. होंडा सीबीआर ६०० आरआरसाठी २६ न्यूटन-मीटर, तर यामाहा आर ६ साठी १७ न्यूटन-मीटर. २६ न्यूटन-मीटर म्हणजे पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे साडेदहा किलो वजन टांगावे एवढा जोर. त्याहून अधिक आवळून फिल्टर जास्त सुरक्षित होत नाही. फक्त पुढच्या वेळचे भांडण वाढते. काही फिल्टरच्या तोंडावर नट जोडलेला मिळतो. अडचणीच्या जागी तो फार उपयोगी, पण तो सोडवण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नव्हे.

तळाच्या बोल्टला नवा वायसर घालावा. तेल मोटारसायकलचे, जेएएसओ एमए शिक्क्याचे घ्यावे, कारण या गाड्यांचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि मोटारगाडीच्या काही तेलांनी तो घसरू लागतो. इंजिन सुरू करून तेलाचा लाल दिवा विझतो की नाही ते पाहावे. थोडा वेळ चालवून बंद करावे, पातळी पुन्हा तपासावी, आणि बॅटरी घेऊन फिल्टरच्या कडेने एक फेरी मारावी. फेअरिंग त्यानंतरच चढवावे. दुसऱ्या दिवशी थोडे अंतर चालवून आल्यावर पुन्हा एकदा खाली वाकून पाहावे.

राहिले जुने तेल. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एका वेळच्या बदललेल्या तेलाने दहा लाख गॅलन गोडे पाणी नासू शकते. आपले बेट लहान. गटारात ओतलेले तेल ओढ्यातून समुद्राकडे जायला वेळ लागत नाही. ते बंद डब्यात भरून, जुना फिल्टर निथळून, जुने तेल घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलगा गाडीखाली शिरला की "पुरे झाले ते खेळ" असे म्हणू नका. बॅटरी धरून शेजारी बसा, आणि डबा निघाला की एवढेच विचारा, "बाळ, जुनी कडी कुठे आहे?" त्याने ती तुमच्या तळहातावर ठेवली, की पुढचे काम निर्धास्त होऊ द्या.