पोलादाच्या बाजारातील गृहस्थ

शीवहून पनवेलकडे येणारा महामार्ग जेथे पुण्याच्या द्रुतगती मार्गाला मिळतो, आणि जेथून मुंब्र्याकडे व न्हावाशेव्याच्या बंदराकडे वाटा फुटतात, त्या कळंबोलीत लोखंड-पोलादाचा विस्तीर्ण बाजार आहे. मुंबईतील कर्नाक बंदर व दारूखाना येथील दाटीत न मावणारा हा व्यापार शहराबाहेर हलविण्याची तजवीज झाली, तेव्हा १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने त्यासाठी कळंबोलीची जागा मुक्रर केली. येथून गेलेल्या पोलादावर जे पूल आणि इमारती उभ्या राहतात, त्यांच्या कोनशिलांवर अनेकांची नावे कोरली जातात. परंतु तेच पोलाद ट्रेलरवरून उतरवून घेणाऱ्या माथाडी कामगाराचे स्मरण, तो निवर्तल्यावर, त्याच्या घरच्यांखेरीज कोणी करीत नाही. हा लेख त्या कष्टाळू आणि हरहुन्नरी गृहस्थाविषयी आहे.

त्याचे काम केवळ अंगबळाचे आहे, हा दुरून पाहणाऱ्याचा समज जवळ जाताच मावळतो. भाऱ्याला साखळीचे वेढे नेमके कोठे घ्यावेत, म्हणजे क्रेनने उचलताच तो एका अंगाला कलणार नाही, हे त्याची नजर ठरविते. माल टेकण्यापूर्वी जमिनीवर लाकडी ओंडके आडवे घातले नाहीत, तर पुन्हा उचलताना खालून साखळी जाणार नाही, हे तो विसरत नाही. आणि पत्र्याच्या कॉइलला दोन्ही बाजूंनी पाचर बसल्याखेरीज तो सोबत्याला तिच्यासमोर उभे राहू देत नाही. सळईच्या व्यासाच्या मिलिमीटरांचा वर्ग करून त्यास १६२ ने भागले की दर मीटरचे वजन किलोत निघते. त्या हिशेबाने १२ मिलिमीटरची, १२ मीटर लांब सळई सुमारे १०.७ किलो भरते. हे गणित पुस्तकातून शिकलेला आणि टोळीत राहून शिकलेला, दोघेही एकाच उत्तराला पोहोचतात.

या कौशल्याला पूर्वी कोणतेही संरक्षण नव्हते. सातारा जिल्ह्याच्या डोंगरी तालुक्यांतून आलेला तरुण मुंबईत गाळ्यावर दाटीवाटीने राही, खानावळीत जेवी, आणि बायकामुले गावी ठेवून मिळेल त्या रोजंदारीवर ओझी वाही. हजेरीची नोंद नाही, दुखापतीची भरपाई नाही, म्हातारपणाची तरतूद नाही. पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांनी अशा विस्कळीत श्रमिकांची संघटना बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्यान्वये सरकार, मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींची मंडळे आली. मालकाने मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळाच्या दप्तरी भरावी आणि मंडळाने कामगाराला वेतन, भविष्यनिर्वाह निधी, बोनस व उपदान द्यावे, अशी व्यवस्था रूढ झाली. अण्णासाहेब १९८२ साली गेले. परंतु नोंदणीचा दाखला हाती आल्यामुळे अनेकांना गावची कुटुंबे शहरात आणता आली, ही त्या कायद्याची माझ्या मते सर्वांत थोर फलश्रुती होय.

बाजारात कमावलेली हुन्नर मग घरात उतरली. कळंबोलीची जमीन सखल. २६ जुलै २००५ च्या प्रलयात येथील बैठ्या घरांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर जे हात दिवसभर पोलाद हाताळीत, तेच घरी परतून दाराचा उंबरठा उंच करण्यात, फुगलेल्या फळ्या काढून अँगलची मांडणी ठोकण्यात आणि शेजारणीची बंद पडलेली मोटर उघडून पाहण्यात गुंतले असतील, तर त्यात नवल नाही. कारण मोडलेले टाकून देण्यापूर्वी एकवार दुरुस्त करून पाहावे, हा अशा गृहस्थाचा धर्मच असतो.

मंडळाच्या नोंदवहीत त्याची मजुरी व सेवेची वर्षे टिकतील. त्याच्या हातचे कसब मात्र तेथे उतरत नाही. यंत्रे वाढत असताना साखळीचा वेढा, पाचरीची जागा आणि भाऱ्याचा तोल यांविषयीचे त्याचे ज्ञान, तो हयात असतानाच, त्याच्या तोंडून ऐकून त्याच्या नावानिशी लिहून ठेवणे हे त्याच्या शिकलेल्या मुलानातवंडांचे कर्तव्य आहे. कारण त्यांचे शिक्षण याच कसबाच्या मिळकतीवर झाले आहे.