घुमणाऱ्या गाडीला पाव लहरीची नळी

माझदा एमएक्स-५ ही १९८९ साली आलेली चार सिलिंडरची, दोन आसनी गाडी. काही हौशी मालक तिचा सायलेन्सर काढून जवळजवळ मोकळी नळी बसवतात. मग ठराविक वेगाला आत असा घुमारा भरतो की शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. असे का होते?

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा धुराचा झोत सोडतो. मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५०. चौघांचे मिळून १०० झोत. हाच १०० हर्ट्‌झचा घुमारा.

यावर उपाय म्हणजे मुख्य नळीला एक टोक बंद असलेली उपनळी जोडणे. ध्वनिलहर बंद टोकावरून परतते. उपनळी तरंगलांबीच्या पावपट असेल, तर परतलेली लहर अर्धी तरंगलांबी मागे पडते. एकीच्या उंचवट्यावर दुसरीचा खळगा येतो आणि घुमारा विरतो.

धूर ३०० अंश सेल्सिअसला असेल, तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर. म्हणून उपनळी १.२ मीटर हवी. वर्गातल्या हवेतला ३४० मीटर वेग धरला, तर ती ८५ सेंटिमीटरच येईल आणि घुमारा तसाच राहील!

मात्र ही नळी ठराविक सुरांनाच गप्प करते. बाकीच्या आवाजासाठी सायलेन्सरच परत बसवावा लागतो.