‘कोसला’चा अर्थ भिलाईत लावताना

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील कठीण शब्दांची यादी करू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण तिची भाषा बोलण्यातली आहे. तरीही ती दुर्बोध वाटते, आणि पहिला अडसर मुखपृष्ठावरच उभा असतो.

‘कोसला’ हा शब्द पुष्कळ सुशिक्षित मराठी वाचकांच्याही नित्य वापरात नाही. भिलाईच्या वाचकाजवळ मात्र त्याला एक अनपेक्षित अर्थ येऊन चिकटतो. छत्तीसगडचा हा भूभाग प्राचीन काळी दक्षिण कोसल म्हणून ओळखला जाई. समुद्रगुप्ताच्या अलाहाबाद येथील स्तंभलेखात कोसलच्या महेंद्राचा उल्लेख आहे, आणि श्रीपुर म्हणजे आजचे सिरपूर येथून पुढे पांडुवंशी राजांनी राज्य केले. कादंबरीचा नायक तर पांडुरंग सांगवीकर! एवढे धागे हाती आल्यावर संदर्भशोधाची हौस असलेल्या वाचकास वंशावळ जुळवण्यास कितीसा वेळ लागणार?

ही जुळणी मोहक असली तरी टिकणारी नाही. पांडुरंग हे पंढरपूरच्या दैवताचे, मराठी घरोघरी आढळणारे नाव. आणि त्याचे जग खानदेशातील सांगवी व पुण्यातील वसतिगृह यांमध्ये विभागलेले. देशाचे नाव ‘कोसल’. ‘कोसला’ हे आकारान्त पुल्लिंगी नाम आहे व त्याचा अर्थ किड्याने स्वतःभोवती विणलेला कोश. रोमन लिपीत दोन्ही शब्द सारखेच दिसू शकतात, हा दोष लिपीचा. वाचकाच्या प्रदेशात एखादा संदर्भ सापडतो एवढ्याने तो कृतीचा ठरत नाही. कृतीच्या आत त्याने काही काम केले पाहिजे.

आणि तरीही भिलाईच्या वाचकास येथे एक लाभ आहे, जो पुण्याच्या वाचकास सहसा मिळत नाही. ‘कोसा’ हा छत्तीसगडच्या रोजच्या बोलण्यातला शब्द. चांप्याचे विणकर ज्या टसर रेशमाचे कापड विणतात त्याचे हे नाव. भंडारा-गडचिरोलीकडेही ते परिचित आहे. टसरचा किडा अर्जुन, ऐन यांसारख्या वृक्षांवर वाढतो, आणि देठाने फांदीला लोंबकळणारा टणक कोश विणून त्यात स्वतःला कोंडून घेतो. अखंड धागा हवा असेल तर पतंग बाहेर पडण्यापूर्वीच उष्णता देऊन त्याला आत मारावे लागते. तो बाहेर पडला तर कोशाला भोक पडते, आणि त्यातून पूर्वीसारखा सलग धागा निघत नाही.

सुधाकर मराठे यांच्या १९९७ सालच्या इंग्रजी अनुवादाचे नाव ‘ककून’ आहे. अर्थाच्या दृष्टीने ते अचूकच. परंतु इंग्रजीत त्या शब्दाला उबदार आसऱ्याची छटा सहज चिकटते, आणि कोशाचा व्यवहार दृष्टीआड होतो. पांडुरंगाच्या बाबतीत हा व्यवहारच महत्त्वाचा आहे. वडिलांनी पैसा लावून मुलगा पुण्यास पाठविलेला. तो रिकाम्या हाताने गावी परततो. घराच्या हिशेबात हा कोश वाया गेला. परंतु ज्याने तो स्वतःच्या मुखातून विणला त्याचा हिशेब निराळा असू शकतो, आणि सबंध कादंबरी प्रथमपुरुषी निवेदनात त्याच्या मुखातून आलेली आहे. कोशातून पतंग निघाला की आतच मेला, हा प्रश्न ‘सुरक्षित आवरण’ एवढ्या टिपेने विचारलाच जात नाही.

‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या शब्दांचीही तीच गत. कोणताही शब्दार्थसंग्रह त्यांची दखल घेणार नाही. परंतु पांडुरंग काही ठाम बोलू लागला की ‘वगैरे’ येऊन ते विधान ढिले करते, आणि ज्या दुःखाला उदाहरण असूच शकत नाही तेही तो उदाहरणादाखल मांडतो. ‘वगैरह’ ओळखीचा म्हणून हिंदीच्या सहवासातील वाचक येथून भरभर पुढे जातो. परिचय येथे नडतो.

नेमाड्यांच्याच ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) या कादंबरीच्या शीर्षकात अडचण उलट बाजूने येते. गोरख थोरात यांच्या हिंदी अनुवादात ‘अडगळ’चे ‘कबाड़’ झाले आहे. हिंदीत याहून जवळचा शब्द सुचविणे सोपे नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘कबाड़’ कबाड्याकडे जाते. अडगळ माळ्यावर राहते. पितळी समई, मोडका पाळणा, आजोबांची काठी यांचा उपयोग सरलेला असतो, तरी टाकून देण्यास कोणी धजत नाही. जेथे पोलादाचा कारखाना १९५९ पासून चालू आहे त्या भिलाईत तर भंगार हा कच्चा माल होय. ते पुन्हा भट्टीत जाते, वितळते, आणि नव्या रूपाने बाहेर येते. अडगळीतली वस्तू वितळत नाही. तिच्यावर धूळ बसते, आणि एखाद्या दिवशी कोणी ती पुसून पुन्हा तेथेच ठेवतो.